राबात गेलेला पेंढा

बदलापूरहून निघालेली टमटम जिथं सोडते, तिथून पुढं चढण चढलं की बारवी धरणाच्या अंगाला एक वाडी लागते. त्या वाडीत चांगोला ठाऊक नाही असं काहीच नव्हतं. निदान चांगोचं म्हणणं तरी तसं होतं. तरुणपणी त्यानं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हमाली केली, तिथून तो सिंधी शेटला ‘साईं’ म्हणायला शिकून आला. पुढं पालेगावला टॉवर उभे राहायला लागले तेव्हा तिथं विटा-रेती वाहिली आणि इंजिनिअर लोकांचं बोलणं ऐकून आला. पावसाळ्यात घरचा भाताचा तुकडा लावायचा आणि बाकी वर्षभर मजुरी करायची. माणूस कष्टाळू, दारूच्या वाटेला न जाणारा, आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. खोड एकच होती. त्याला सांगता यायचं, ऐकता यायचं नाही. कुणाची मोटर बिघडो की कुणाचं पोर आजारी पडो, चांगो तिथं हजर, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला!

बायको आवडी याच्या उलट. ती कामाआधी बोलायची नाही आणि काम झाल्यावर बोलायची गरज उरायची नाही. बदलापूरच्या बाजारात रस्त्याच्या कडेला करवंदं विकायला बसली की लोक तिला “ए बाई” म्हणत, भाव पाडून मागत. पण वाडीत तिची वेगळी पत होती. कुणाची बकरी व्यायला अडली की दुसरं नाव निघत नसे. हाताला तेल लावून ती बसली की आडवं आलेलं पिल्लू सरळ होऊन बाहेर यायचं. लोक म्हणत, आवडीच्या हाताला गुण आहे. एवढा एकच मान तिच्या वाट्याला आला होता, आणि तिनं तो कधी मिरवला नव्हता.

दर वर्षी भात कापून झालं की घाटावरून, पारनेरच्या बाजूनं, बाळाजी धनगर मेंढरं घेऊन खाली उतरायचा. चांगोच्या शेतात काही रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळायचं, आणि बाळाजीला त्याबदल्यात भात. ही रीत त्यांच्या बापांपासूनची. यंदा शिमग्याच्या आधी कळप कर्जतकडे हलवायच्या वेळी बाळाजीनं तीन कोकरं चांगोच्या अंगणात आणून सोडली. दूध नुकतंच तुटलेली, वाढीच्या वयाची, पण इतकी लुकडी की कळपाबरोबर चालणं त्यांच्या पायांना झेपेना.

“चांगोबा, ही तेवढी संभाळ,” बाळाजी म्हणाला. “वैशाखात घाट चढायच्या आधी येतो. तिन्ही उभी दिसली तर त्यातलं एक तुझं.”

“पन हितं चारा कुठं हाय? डोंगर सगला करपला,” चांगो म्हणाला.

बाळाजीनं वाडीमागच्या कातळाकडे बोट दाखवलं. तिथं फड्या निवडुंगाचं रान माजलं होतं. “आमच्याकडं दुष्काळात ह्याच्यावरच तर जनावर तगतं. फडा तोडायचा, जाळावर धरून काटं जाळायचं, बारीक चिरायचं. पन एक ध्यानात ठेव. निवडुंग म्हंजी नुसतं पानी. त्यात सुकी वैरण मिसळल्याबिगर द्यायचं न्हाई. तुझ्याकडं भाताचा पेंढा हाय, तो कापून घाल. नुसता निवडुंग दिलास तर जुलाब लागून खलास होतील.”

“माहीत हाय मना,” चांगो म्हणाला. ऐकत असताना त्याची नजर कोकरांवर होती, आणि त्यातलं कुठलं आपण ठेवून घ्यायचं ते त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. आवडी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. चांगो फडे तोडून आणायचा, आवडी पेंढा कापून मिसळायची, कोकरं चवीनं खायची. मग राब भाजायचे दिवस आले. आपल्याकडे भाताची रोपं जिथं टाकायची ती जमीन आधी भाजून घेतात. शेणाचा थर, वर झाडांच्या पाल्यासकट तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळं, वर पालापेंढा, त्यावर माती, आणि मग आग. चांगोला राबाचा भारी अभिमान. माझ्यासारखा राब पंचक्रोशीत कुणाचा लागत नाही, हे त्याचं दर वर्षीचं वाक्य. यंदा पाला कमी पडला तसा त्यानं पेंढ्याला हात घातला.

“कोकरांपुरता तरी ठेव,” आवडी म्हणाली.

“हिरवं गार खायला मिलतंय, तर सुकं कशाला लागतंय? माणसाला भाजी मिलाली तर तो भुसा खातो काय?” चांगोनं तिलाच विचारलं, आणि राबाच्या कामाला आलेली खालच्या गावची चार माणसं हसली. चार माणसं हसली की चांगोला वाटायचं आपलं खरं झालं. उरलासुरला पेंढा त्यानं फड्यांचे काटे जाळायला वापरला. भात पिकवणाऱ्या माणसाचा हात तो, पेंढा दिसला की त्याला आधी काडी आठवते.

त्यानंतर कोकरं नुसत्या निवडुंगावर राहिली. पोटं टुम्म फुगली. चांगोला तेच बाळसं वाटलं. एकाला काखेत घेऊन तो वाडीभर हिंडला. “बघा, धनगराला जमला नाय ते मी करून दाखवला.” आवडीनं कोकराची शेपटी उचलून खालची घाण दाखवली, तेव्हा तो तिच्यावरच खेकसला.

व्हायचं तेच झालं. आधी एक बसलं ते उठलंच नाही. पाठोपाठ दुसरं गेलं. तिसरं मान टाकून पडलं तेव्हा आवडी नवऱ्याला काही न विचारता गोठ्याच्या छपरावर चढली आणि तिथला जुना पेंढा उपसून खाली आली. धूळ झटकून, बारीक कापून तिनं तो मुठीमुठीनं कोकराला चारला. तांदळाची पेज मीठ घालून पाजली. निवडुंग पार बंद केला, मग हळूहळू पेंढ्यात मिसळून पुन्हा सुरू केला. कोकरू उभं राहिलं, आणि ती जाईल तिकडं तिच्या पायात घोटाळायला लागलं.

बाळाजी वैशाखात आला तो थेट अंगणात. बरोबर त्याचा गोतावळा होता, आणि मेंढरं बघायला वाडीही गोळा झाली होती. एकच कोकरू बघून त्याचा चेहरा पडला.

“दोन कुठं गेली?”

त्या क्षणी खरं सांगणं अवघड नव्हतं. बाळाजी काही मारणार नव्हता. पण समोर सारी वाडी उभी होती, त्याच वाडीला काखेतलं कोकरू दाखवून झालं होतं, आणि चांगोची जीभ त्याच्या आधी धावली.

“हिला हजारदा सांगितला, सुकं मिसल, सुकं मिसल. बाईमाणूस, ऐकतंय काय? मी मजुरीला गेलो की हिनं नुसता निवडुंग घातला. हे एक तरी मी माझ्या हातानं जगवला.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यानं आवडीकडे बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही. चुलीपाशी उभी राहून ती पदरानं हात पुसत होती, हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

बाळाजी भला माणूस. तो रागावला नाही, उलट आवडीला समोर बसवून समजवायला लागला. “बाई, असं असतंय बघ. ह्यो फडा, ह्यो पेंढा. दोन्ही मिसळायचं. कळलं का?” लहान पोराला शिकवावं तसं त्यानं चिरून, मिसळून दाखवलं. आवडी मान हलवत राहिली. कळलं, म्हणाली. जे तिनं या हातांनी करून तिसरं कोकरू वाचवलं होतं, तेच ती सगळ्यांसमोर शिकून घेत होती. चांगोला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण तो कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

निघताना बाळाजीनं कोकरू चांगोच्या हातात दिलं. “तू जगवलंस, तुझंच हाय. फकस्त बाईच्या हाती देऊ नकोस.”

संध्याकाळी कोकरू ओरडत आवडीच्या मागं गेलं. ती बाजूला झाली. “चारा घाल त्याला,” ती चांगोला म्हणाली. “माज्या हाती द्यायचा नाय ना.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं. चांगोनं निवडुंग चिरला, पेंढा मिसळला, आणि कोकरानं त्याला तोंड लावलं नाही.

वाडीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दोन कोकरं मारली म्हणे आवडीनं. मग एका दुपारी अंगणवाडीतल्या हर्षदाची बकरी अडली. चार घरं सोडून तिचं घर. बकरीचं ओरडणं थेट चांगोच्या ओटीवर ऐकू येत होतं. आवडी ते ऐकून उठली, तेलाची बाटली हातात घेतली आणि बोलावणं येईल म्हणून दारात थांबली. बोलावणं आलं नाही. हर्षदाचा दीर मोटारसायकलवरून खालच्या गावच्या म्हाताऱ्याला घेऊन आला, तो आवडीच्या दारावरूनच गेला. बऱ्याच वेळानं बकरीचा आवाज थांबला. पिल्लू गेलं होतं. आवडीनं बाटली फळीवर ठेवली आणि तांदूळ निवडायला बसली. चांगो तिथंच होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन कोकरांचं मरण एक वेळ चूक म्हणून पचलं असतं. या बाईच्या हाताचा गुण आपण एका वाक्यात विकून टाकला, हे त्याला पचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर बायकांची रांग लागली होती. रांगेत आवडीही होती, शेवटाला, कुणाशी न बोलता. चांगो तिथं गेला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

“कोकरं हिनं नाय मारली,” तो म्हणाला. “मी मारली. पेंढा मीच राबात जाळला. ही सांगत होती, मीच ऐकला नाय. आन् तिसरा जगवला तो पन हिनंच. मी खोटा बोललो.”

हँडल मारणारी बाई थांबली. चांगोनं मान खाली घातली होती, आता शिव्या येतील म्हणून. आल्या असत्या तर त्यानं झेलल्या असत्या.

हर्षदा हसली. मनापासून, कौतुकानं हसली. “आवडे, नशीब काढलास गं! बायकोची चूक आपल्या माथी घेणारा नवरा कुणाला मिलतोय? आमचा असता तर अजून चारचौघांत आमचाच उद्धार करत बसला असता.”

“खराच गं,” दुसरी म्हणाली. “चांगो म्हणजे देवमाणूस.”

“नाय, खरंच मी...” चांगो पुन्हा बोलायला लागला. “आईशपत, मीच...”

“बस कर आता,” हर्षदा डोळे पुसत म्हणाली. “कलला आमाला तुझा मन.”

तो जेवढं बोलेल तेवढा त्यांच्या डोळ्यांत मोठा होत होता. जन्मभर ज्याच्या प्रत्येक खोट्या शब्दावर वाडीनं विश्वास ठेवला, त्याचा पहिला खरा शब्द कुणी घेईना. आवडीचा नंबर आला. तिनं हंडा भरला, डोक्यावर चढवला, आणि त्याच्या शेजारून जाताना थांबली.

“चल घरी,” ती हळूच म्हणाली. “लय झाला तुझा मोठेपणा.”