ठमाच्या नावाचं मूळ

बावीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवासमोरही नाही — देवाला ठाऊकच असेल, म्हणून तिथं गप्प बसायची सोय होती. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? खरंच माहीत नाही.

माझ्या भावाच्या मुलीचं नाव ठमा. दाखल्यावर ठमाबाई. बावीस वर्षांच्या मुलीचं असं नाव ऐकलंय कुठं? तिच्या वर्गात तीन पूजा होत्या, दोन ऐश्वर्या, आणि ही. हजेरी घेताना तिचं नाव जवळ आलं की पोरं हसायला तयार होऊन बसायची. आता लग्नानंतर ती कोळारला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, तिथंही नवा माणूस तिचं नाव दोनदा विचारतो. ती तिसऱ्यांदा सांगते, हसून. ते हसणं मला बघवत नाही.

आमच्याकडे जोशी जन्मवेळेवरून अक्षर काढून देतात. बहुतेक घरांत ते अक्षर पत्रिकेपुरतं राहतं, हाक मारायला दुसरं नाव असतं. पण आमचे अप्पा, माझे वडील, या बाबतीत हट्टी. येईल त्याच अक्षराचं नाव. अक्षर आलं ठ. अप्पांच्या आजीचं नाव ठमाबाई, त्यामुळे आजी परत आली म्हणून ते गावभर सांगत सुटले. वैनीला पूनम ठेवायचं होतं. पोटुशी असल्यापासून ते नाव तिनं मनात धरलं होतं, आणि विश्वासानं एकट्या मला सांगितलं होतं. बारशाला तिनं पाळण्याची दोरी ओढली, पण नाव घेतलं नाही.

आणि ती जन्मवेळ — ती कुणी सांगितली होती? मी.

सतरा वर्षांची होते. सकाळीच वैनीला कळा सुरू झाल्या, सुईण आली, आणि अप्पांनी मला एकच काम दिलं: घड्याळाकडे लक्ष ठेव, पोर रडलं की वेळ बघ. एवढंच. पण माझ्या रेडिओचा सेल संपला होता, आणि गाण्यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. भिंतीवरच्या घड्याळातला सेल मी काढला. अकरा दहाला. थोड्या वेळात परत घालीन म्हटलं. गोठ्यामागं सावलीत बसून गाणी ऐकत राहिले — आत वैनी ओरडत होती, ते ऐकू येत होतं, तरी.

पोर रडलं तशी धावत गेले. आतून सुईणीनं विचारलं, किती वाजले? मी भिंतीकडे बघून सांगितलं, अकरा दहा. विसरले होते असं म्हणू का? म्हणता येत नाही. सांगता सांगताच आठवलं. बाहेर शाळेची पोरं ताटं घेऊन दुपारच्या जेवणाला पळत होती. म्हणजे एक तरी वाजून गेला होता — की दीड, की दोन? अप्पा वेळ कागदावर लिहून जोशांकडे निघाले. मी दारातच उभी होते. एक शब्द बोलले असते तर? अप्पांच्या रागाला भ्यायले. ते गेल्यावर सेल परत घातला, काटे अंदाजानं फिरवले. पुढं लग्नानंतर कलबुर्गीत दुसऱ्या जोशाला गुपचूप दीडची वेळ दाखवली. त्यानं सांगितलं, अक्षर प.

घरी आले आणि पुन्हा गप्प बसले.

गेल्या महिन्यात ठमाला मुलगी झाली. मी भेटायला गेले, तर ती पोरीला मांडीवर घेऊन मोबाईलवर नावं बघत होती. अर्थ, मूळ, किती लोकांना आवडलं — सगळं येतं त्यात. तिनं स्वतःचंही नाव टाकून पाहिलं होतं.

"माझं नाव कुठंच न्हाई, आत्या," ती म्हणाली. मग पोरीकडे बघून म्हणाली, "हिचं अक्षर घ आलंय. चांगलं एक बी सापडंना. पर आलंय तेच ठेवायचं, आपल्या हातात काय हाय? माझं बी वेळंनंच आलं की."

तिची एवढी श्रद्धा बंद घड्याळावर. आणि आता ती या पोरीच्याही वाट्याला येणार होती. मी सांगून टाकलं. सेल, रेडिओ, गोठा, पोरांची ताटं, वैनीनं ठरवलेलं नाव. काही मागं ठेवलं नाही.

ती पोरीच्या पायाची बोटं चोळत राहिली. मग विचारलं, "मग मी किती वाजता झाले?"



परवा बारसं झालं. घ पत्रिकेत राहिला. जावयाच्या बहिणीनं कानात नाव सांगितलं — पूनम. वैनीचा हात दोरीवरच थांबला. तिनं ठमाकडे बघितलं, ठमानं माझ्याकडे. वैनीला काहीच माहीत नव्हतं, पण या वेळी तिनं पाळणा हलवत नाव घेतलं, एकदा, दोनदा, मग थांबेचना. मला इतका आनंद झाला की मीही तिच्याबरोबर नाव घेऊ लागले.

संध्याकाळी बायका गेल्यावर वैनीलाही सगळं सांगितलं. ती पोरीला घेऊन आत गेली. आतून तिची हाक ऐकू येत होती, पूनम, पूनम. ठमा माझ्याशेजारी बसून होती. ती किती वाजता जन्मली, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. ते मी घालवलं.