सील तुटलेली बॅटरी आणि बेटावरचा फ्रिज

खरं तर मी पनवेलहून उरणला मासे खायला निघालो होतो. हाताला काम नव्हतं, खिशात थोडे पैसे होते, एवढंच नियोजन. एसटी स्टँडवर एक काकी कंडक्टरशी भांडत होत्या. पायाशी गोणपाटात गुंडाळलेली सोलरची बॅटरी.

"ॲसिड गाडीत चालत नाही, मावशी."

"मंग डोक्यावर घेऊन चालू का उरणपर्यंत?"

मासे राहिले बाजूला. मी टेम्पो ठरवला, अर्धं भाडं माझं, अर्धं त्यांचं.

वाटेत विमलकाकींनी सगळं सांगितलं. त्यांच्या बेटावर लाइनची वीज नाही, एका कंपनीने सोलर बसवलं. बॅटऱ्या एका रांगेत जोडलेल्या, एक मेली की सगळंच बंद. फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला, बोटीने यायला जमत नाही, तुम्हीच काढून आणा. यांनी काढली, पनवेलला आणली. तिथे त्याच कंपनीने सांगितलं, सील तुम्ही तोडलंत, वॉरंटी गेली.

माझं डोकं इतकं फिरलं की जासईला कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर मी टेम्पोवाल्यावरच ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, सील मी तोडलं का?"

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर बोट भरती बघून सुटते, सुटे पैसे ठेवा. आम्ही पोचलो ओहोटीला, बोट बेटापासून लांबच थांबली. गुडघाभर चिखलातून, चपला कोपरात अडकवून, दोघांनी बॅटरी वाहिली. प्रत्येक पावलाला मी त्या कंपनीला शिव्या दिल्या. काकी म्हणाल्या, "तोंड बंद ठेव पोरा, दम पुरल."

बेटाचं नाव लिहीत नाही. काकी म्हणाल्या, नाव आलं की कंपनीवाले आणखीन चिडतील.

काकींची सून वनिता रोज इन्सुलिन घेते. अंगणवाडीतला फ्रिज त्याचसाठी होता. आता आत तांदूळ. "उंदीर शिरत नाय, तेवढा तरी उपयोग," ती म्हणाली. चालू बाटली माठाला टेकवून ओल्या फडक्यात. न उघडलेल्या दोन बाटल्या थर्मासमध्ये, बोटीवाला बर्फ आणेल त्या दिवशी गार, नाही आणला तर नाही.

तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. कालवण अप्रतिम. तीन भाकऱ्या खाल्ल्या, पण राग खाली उतरेना.

"फीत मीच कापली दादा, उद्घाटनाला," वनिता हसली. "तवा बोट भेटली त्यांना."

निघताना तिने थर्मास माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं लाइट नाय जात ना?"

दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर फ्रेममध्ये वनिता, हातात कात्री. टेबलामागच्या साहेबांना म्हणालो, "हिचं इन्सुलिन आता करंजाड्याला माझ्या घरी आहे."

"हो, पण सील त्यांनीच तोडलं ना?" असं म्हणून त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हणालो.

आता आमच्या फ्रिजच्या दारात, दह्याच्या डब्याशेजारी, त्या दोन बाटल्या आहेत. आईने विचारलं, "किती दिवस?" काल बिल्डिंगची वीज गेली आणि सोसायटीच्या ग्रुपवर बोंब उठली. जनरेटर लागेपर्यंत मी फ्रिजचं दार दाबून धरून उभा होतो.