वाटणीत राहिलेला घेवडा

वाटणीच्या दिवशी पाच पंच आमच्या ओटीवर दुपार टळेपर्यंत बसले. भांडी मांडून घेतली, गाई वाटल्या, परसातल्या झाडांना चुन्याच्या खुणा केल्या आणि भिंत कुठून जाईल तिथे दोरी धरली. स्वयंपाकघरात मात्र एकही जण शिरला नाही. आत सोवळं होतं आणि पंच बाहेरच्या कपड्यांत होते. "आत काय आहे?" त्यांनी उंबऱ्याबाहेरून विचारलं. "चूल आहे," थोरल्या वहिनी म्हणाल्या. पंचांनी लिहिलं: चूल थोरल्याकडे.

त्या चुलीच्या वर, आढ्याला, भोपळ्याचा वाळका तुंबा टांगलेला असे. त्यात राखेत घोळून ठेवलेलं आमच्या घरचं घेवड्याचं बी होतं. खालून धूर लागत राहिला की त्याला कीड शिवत नसे. हा जांभळ्या कडेच्या शेंगांचा घेवडा आमच्या आईला तिच्या सासूने दिलेला, आणि त्याची खुबी एकच: मोरीच्या सांडपाण्यावर तो उन्हाळ्यापर्यंत शेंग देई.

मला तोच हवा होता, आणि हौस म्हणून नव्हे. विहीर दादाच्या बाजूला गेली. माझ्याकडे परसाचा कोरडा तुकडा आणि मोरी. शहरावर फौज चालून येते अशी नुसती हूल उठली तरी बुधवार पेठेतल्या भाजीवाल्या येईनाशा होतात. मग घरच्या आठ माणसांच्या ताटात परसात असेल तेच पडतं. काय काय लावायचं याची यादी मी वाटणीच्याच आठवड्यात केली होती: अळू मोरीकडेला, शेवग्याची फांदी कोपऱ्यात, तोंडलीचा वेल कुंपणावर. अळू आणि तोंडली मेहुण्याने दिली, शेवगा शेजाऱ्याकडून आला. राहिला घेवडा.

पाऊस लागण्याआधी मी भिंतीपलीकडे गेलो. दादा झोपाळ्यावर सुपारी कातरत होता.

"वहिनी, तुंब्यातलं मूठभर बी हवं होतं."

"भावोजी, पंचांच्या यादीत तुंबा आहे का?"

"नाही."

"मग तो वाटायचा कसा? पंचांचा अपमान नाही का व्हायचा?"

दादाचा अडकित्ता एकदाही थांबला नाही.

काही दिवसांनी भिंतीवरून एक द्रोण आला. आत घेवड्याचे दाणे, वर एक तुळशीचं पान. मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल. पण कुठलंही बी मी ओल्या फडक्यात बांधून पाहिल्याशिवाय जमिनीत घालत नाही. शेजारच्या पुरचुंडीतल्या मुगाला मोड आले तरी घेवडा ढिम्म. मग तो बुळबुळीत झाला. बायकोने वास घेतला आणि फडकं माझ्यापुढे टाकलं.

"वाफवलेत. मीठ तेवढं घालायचं राहिलं."

बाजारातून दुसरं बी आणून लावलं. पाऊस होता तोवर वेल भिंतभर माजला. दिवाळीनंतर मोरीच्या पाण्यावर आला आणि फुलासकट मान टाकली. शहराबाहेरच्या मळ्यातल्या माळ्याकडे गेलो. आमच्या आईकडून पूर्वी बी नेणारा तो.

"आमचा कवाच गेला," तो म्हणाला. "तुमचं बी तुमच्याच घरात हाय की. मला कशापायी इचारता?"

"घरात आहे, पण भिंतीपलीकडे."

"मंग भिंतीला इचारा."

संक्रांत आली. वहिनींचं हळदीकुंकू मोठं असे आणि सख्ख्या जावेला आमंत्रण न देण्याची त्यांची छाती नव्हती. पेठभर बोभाटा झाला असता. बायको जायला तयार नव्हती. मी तिला पाठवलीच. परत आली ती लाल होऊन. वाणाचं सुगड तिने माझ्यासमोर ठेवलं. त्यात चालीप्रमाणे ऊस, बोरं, हरभरा आणि घरच्या परसातल्या शेंगा होत्या.

"इतर बायकांना कोवळ्या शेंगा. मला ह्या. दोरे बघा केवढाले! आणि सगळ्यांदेखत म्हणतात, 'धाकट्या जाऊबाईंना चावायला वेळ भरपूर आहे, विहिरीवर काम नाही ना त्यांना.'"

मी शेंग उचलली. जांभळी कड. हलवली तर आत दाणा वाजला. सोलली तर टणक, भरलेला, काळा दाणा. बायकोकडे पाहिलं. तिने चटकन सुगड पदराआड घेतलं, जणू वहिनी भिंतीवरून बघतच होत्या.

एक दाणा फडक्यात बांधला. त्याला मोड आला. बाकीचे राखेत घोळून नव्या तुंब्यात घातले आणि तुंबा आमच्या चुलीवर टांगला. आषाढात मोरीपाशी लावले.

त्याच आषाढात भिंतीपलीकडे भांडण ऐकू आलं. मी बी मागायला गेलो तेव्हापासून वहिनींचा माझ्यावर भरवसा नव्हता. त्यांनी यंदाचं सगळं बी तुंब्यातून काढून कोठीत कुलपात घातलं होतं.

"भुंग्यांनी पीठ केलंय सगळ्याचं! चुलीवरचं काढलंस कशाला?" दादा ओरडत होता.

"भावोजींनी नेलं असतं, मग?"

मी दातकोरणं शोधायच्या निमित्ताने भिंतीशी बराच वेळ उभा राहिलो.

मार्गशीर्षात आमचा वेल भिंतीवर चढला. "तुझा वेल आमच्याकडे येतोय," दादाने पलीकडून बजावलं. "पंचांच्या यादीत वेलाचं काही नाही, दादा," मी म्हणालो आणि पलीकडे वाकलेला प्रत्येक शेंडा त्याच्यादेखत अलीकडे ओढून घेतला.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडेही झालं. वहिनी आल्या. ओटी भरून झाली, सुगड हातात घेतलं, तरी उठेनात. आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं.

"थोड्या जून शेंगा टाक ना गं यात. उसळीला बऱ्या."

"छे हो, जाऊबाई," बायको म्हणाली. "आपण कोवळ्याच घ्या. आपल्याला विहिरीवर कामं असतात, चावत बसायला वेळ कुठला?"