थोरल्या कानाचा शिंपला

मुलांनो, समुद्रावर सापडलेल्या शिंपल्याचा फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, "आजी, हा कुठला?" मी आधी त्याचे कान पाहिले. ही सवय उस्तानीबाईंची. त्यांना ओळखणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

निजामाच्या राज्यात, जालन्याला, त्या आमच्या मुलींच्या शाळेत शिकवत. नवी मुलगी वर्गात आली की नाव विचारण्याआधी तिचे कान बघत. "दोन्ही बराबर. बैस."

याचं मूळ त्यांच्या टेबलावर होतं: भावाने कच्छहून आणलेला, दगड झालेला शिंपला. आपल्या काळ्या खडकात असलं काही सापडत नाही. पंख्यासारखा आकार, टोकापासून काठापर्यंत पसरलेल्या फासळ्या आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना चपटे कान. एक कान उघडा, दुसऱ्यावर घट्ट माती. "फासळ्या नंतर. पहले कान देखो," त्या म्हणत. कान सारखे तर पेक्टेन या गटातला, लहानमोठे तर क्लॅमिस. माती खरवडताना कान तुटेल या भीतीने त्यांनी तो तसाच ठेवला, आणि झाकलेला कानही तेवढाच असेल असं धरून चिठ्ठीवर 'पेक्टेन' लिहिलं. पुढे जातीच्या नावाची जागा कोरी.

चित्र काढायला म्हणून त्यांनी तो मला घरी दिला. मला आईच्या मागे काकूने वाढवलं. तिने त्या दगडावरच्या रेघा पाहिल्या, हात जोडले आणि शिंपला देव्हाऱ्यात ठेवला. रोज स्नान, रोज गंध-कुंकू. मी घाबरत शाळेत सांगितलं. उस्तानीबाई एवढंच म्हणाल्या, "तिथं जपून राहील."

वर्षअखेरीस काकूने माझी शाळा बंद करायचं ठरवलं. उस्तानीबाई स्वतः घरी आल्या.

"बाई, देव मागायला आलात का? न्हाई द्यायची मी," काकू दारातच म्हणाली.

"देव राहू द्या. पोरगी द्या. तिला शिकू द्या."

काकू आत गेली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने शिंपला ताम्हणात घालून उजेडात आणला. उस्तानीबाई हात पाठीमागे धरून वाकल्या आणि "या अल्ला!" म्हणून मोठ्याने हसल्या. रोजच्या स्नानाने माती सुटली होती. झाकलेला कान थोरला निघाला होता, आणि त्याच्याखाली एक खाच होती.

"इथून धागे काढून हा खडकाला धरून राह्यचा. इतकी सालं मी नाव गलत सांगून राह्यले, बेटी!"

"तुमचं बी चुकतं का?" काकूने विचारलं.

"बिलकुल. म्हणून तर हिला शिकवायचं. माझ्या चुका कोण काढणार?"

काकू पदर तोंडाला लावून हसली. "मंग जाऊ द्या शाळेत."

राज्य बदललं त्या साली उस्तानीबाई मुलीकडे हैदराबादेला निघाल्या. काकूने आपण होऊन शिंपला देव्हाऱ्यातून काढला, गंध धुतलं आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "जातीचं नाव तू शोध. जल्दी नको करूस."

त्या शोधापायी मी इंग्रजी शिकले, शास्त्र शिकले. नाव अजून नक्की ठरलेलं नाही.

शिंपला माझ्या टेबलावर आहे. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत, आणि फासळ्यांच्या खाचांत काकूचं थोडं कुंकू आहे.