विसावं घर

हे मी आजवर माझ्याजवळच ठेवलं. बायकोला माहीत नाही, मुलीला नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणूनच बहुतेक.

चाकणच्या एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षं मी तयार भाग मोजतो. मापात केसाएवढा फरक असला तरी माझ्या सहीनं तो भाग बाहेर जात नाही. लोक म्हणतात, काटेकोर माणूस. ते ऐकलं की मी खाली बघतो.

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. एक्केचाळीस घरं. कुणी भोसरीला गेलं, कुणी सांगवीला, आम्ही कुरुळीला. देवीही आमच्याबरोबर कुरुळीला आली. दर चैत्रात सगळे तिथे जमतात आणि हाळी होते. हाळी म्हणजे — देवीपुढे उभं राहून एकेका घराचं नाव पुकारायचं, जुन्या गावात घरं होती त्याच क्रमानं, नदीपासून वर. पारावरचे, वढ्याकडचे, अशी ती नावं. त्या घरातल्या कुणीतरी ‘हाय!’ म्हणायचं आणि मूठभर तांदूळ पातेल्यात सोडायचे. ज्या घराचं कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून ‘हाय!’ म्हणायचं. बुडालेलं घरसुद्धा गैरहजर राहत नाही. ही हाळी माझी आत्या द्यायची, तोंडपाठ.

नऊ वर्षांपूर्वी एक यंत्र बसवायला कॅनडाहून मार्सेल नावाचा माणूस आमच्याकडे आला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, नाश्ता झाला, आणि हा गडी चमच्यानं स्टीलचं ताट बडवायला लागला. पोरं हसायला लागली. “भावा, साहेबांना अजून उपमा वाढ, ताट वाजवतोय!” तो शांतपणे म्हणाला, आज आमचाही दिवस आहे. तो अकेडियन, म्हणजे कॅनडातल्या जुन्या फ्रेंच वस्तीतला. त्यांच्यात या दिवशी लोक भांडी वाजवत रस्त्यावर येतात. कशासाठी? आम्ही अजून आहोत, एवढंच ऐकवायला.

मला आमचं ‘हाय’ आठवलं.

मग जेवणाच्या सुट्टीत तो सांगत राहिला. त्याच्या लोकांनी बांध घालून समुद्राकडून जमीन काढली होती. पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी एका गावातल्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं आणि वाचून दाखवलं — जमीन गेली, जहाजात बसा. नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या. आजही त्यांचे वंशज जुन्या याद्यांमधून आपलं नाव शोधत हिंडतात. त्यांनी जमीन पाण्यातून काढली, आम्ही पाण्यात घातली — पण पुढचं सगळं सारखंच. मी त्याला हाळीचं आणि आत्याचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, तुमची आत्या आहे तोवर लिहून घ्या. यादीत नाव नसलं की माणसाला आपण कुठले तेच कळत नाही.

मी लिहायला बसलो. आत्या सांगायची — घराचं नाव आणि त्या घरातल्या बाईची जात्यावरची एक ओवी. रोज दोन घरं. विसावं घर आलं, चिंचेखालचे. आमच्या शेजारचं. त्या घरच्या सरूबाईची एकच ओवी आत्याला येत होती:

मोजणी आली बाई, आली गं शिवारी
एका टोका सरकार, दुज्या टोका शेजारी.

शेजारी म्हणजे माझे वडील. धरणात जाणारी जमीन मोजताना साखळीचं दुसरं टोक त्यांनी धरलं होतं. लहानपणी मी ते पाहिलं होतं, आणि ओवी मला आधीपासून माहीत होती. आत्या त्यांची सख्खी बहीण. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “लिही. तुझ्या बापाचं हाय म्हणून गाळू नगंस.”

मी तिच्यासमोर लिहिलं.

त्या थंडीत आत्या गेली. लिहिलेल्याचं पुस्तक करायचं ठरलं, आणि छापायला देताना मी ते पान काढून घेतलं. नुसती ओवी काढली असती तर? घर तरी राहिलं असतं. पण नावाखाली रिकामी जागा दिसली असती आणि कुणीतरी विचारलं असतं, सरूबाईची ओवी कुठाय? मग मी घरच काढलं आणि पुढचे आकडे एकेकानं कमी केले. मोजमापात मी हुशार आहे — कुठे खूण राहिली नाही.

चैत्रात हाळी मी दिली, पुस्तकातून. चाळीस घरं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण छापील पुस्तकापुढे बोलले नाहीत. संपल्यावर सरूबाईची मुलगी हिराबाई पुढे आली. भोसरीहून दोन बस बदलून आली होती. मूठ तशीच मिटलेली.

“दादा, आमचं ऱ्हायलं का?”

त्या वेळी सांगता आलं असतं. एकच वाक्य. मी म्हणालो, “आत्यानं सांगितलंच नाही. तिच्या आठवणीत तुमचं घर नव्हतं.”

हे मी माझ्या मेलेल्या आत्यावर टाकलं.

हिराबाईनं इकडेतिकडे पाहिलं. तांदूळ पदराच्या टोकाला बांधले. मग मलाच म्हणाली, “न्हाई, म्हातारपणी ऱ्हातंय एखादं.” पुढच्या वर्षी ती मागे उभी राहिली, हाळी संपेपर्यंत. त्यानंतर आली नाही.

मार्सेल जाताना पुस्तक घेऊन गेला. विमानतळाची गाडी उभी होती, तरी त्यानं विचारलं, सगळी घरं आली ना? मी म्हणालो, सगळी.

गेल्या वर्षी हिराबाई वारली. दहाव्याला मी गेलो. तिच्या मुलानं चहा दिला आणि सहज बोलता बोलता म्हणाला, “आई शेवटी शेवटी म्हणायची, आपलं गाव दुसरंच असंल. लहानपणी मलाच चुकीचं वाटलं असंल.” स्वतःच्या मुलाच्या शाळेच्या अर्जात मूळ गाव म्हणून त्यानं आता भोसरी लिहिलंय. मी चहा संपवला. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

साखळी वडिलांनी नसती धरली तर दुसऱ्यानं धरली असती, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरंही असेल. पण पान वडिलांनी काढलं नव्हतं. ते पान अजून माझ्या कपाटात आहे, आत्यानं सांगितलं तसं, माझ्या अक्षरात.

या चैत्रातही हाळी मीच दिली. चिंचेखालच्यांचं कुणी आलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी त्यांच्यासाठी ‘हाय’ म्हणायला हवं होतं — पण आधी कुणीतरी हाक द्यायला हवी ना? एकोणिसावं घर झालं. मी पान उलटलं आणि विसावं वाचलं — विहिरीवरचे. ते आमचं घर.

‘हाय’ म्हणालो तोही मीच.