शालन दाराशी उभी राहते

दुपारची जेवणं उरकून निर्मला हॉलमधल्या दिवाणावर कलंडते. काल साताऱ्याला समूहगीतांच्या स्पर्धेत दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आलेत. आतल्या खोलीत तिचे यजमान, दिगंबर, झोपलेत. केमो सुरू झाल्यापासून ते दुपारचे असेच गळून जातात. पंखा घरघरतोय. घरघर हळूहळू सुरात येते, आणि कुणीतरी पायाशी येऊन बसतं.

शालन.

निर्मलाला नवल वाटत नाही. अशाच एका स्पर्धेहून परतल्यावर शालन कोरोनानं गेली, हे तिला ठाऊक आहे. तरी शालन गाण्याच्या मंडळाची जांभळी साडी नेसून समोर बसलीय.

"कशी झाली गं स्पर्धा?"

"दुसऱ्या आलो. तू हवी होतीस."

"सगळ्यांच्या लसी झाल्या होत्या?"

"सगळ्यांच्या. बूस्टरसुद्धा."

"आपल्याही झाल्या होत्या, निमे. तुझी नि माझी एकाच दिवशी."

निर्मला कूस बदलते, तर दिवाण नाही; मंगल कार्यालयातली लोखंडी खुर्ची आहे. खिडक्या बंद. स्टेजवर बायका तोंड उघडून गातायत, पण आवाज नाही. थंडीत निघावी तशी प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघतेय आणि शेजारणीच्या ओठांवर जाऊन बसतेय. कुणाला पत्ताच नाही. गाणं संपतं, त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात, पेढे भरवतात.

निर्मला आपलं तोंड दाबून धरते. बोटांच्या फटींतून वाफ निघतेच.

"माझ्यातूनही?"

"मग?"

"अगं, पण मला ताप नाही. काहीच नाही."

"मालूताईंनाही काही नव्हतं. त्या दिवशी माझ्याच शेजारी उभ्या राहून गायल्या. बाकीच्या तापल्या, आठवड्यात उठल्या. लसीनंच तारलं त्यांना. माझ्या छातीत आधीच दम नव्हता." शालन पदर सारखा करते. "दिगंबररावांच्या अंगात तरी कुठं उरलाय?"

 निर्मला वळून बघते. खुर्च्यांच्या रांगेच्या जागी खाटांची रांग आहे. शेवटच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून कुणी निजलंय. डोक्यावर एक केस नाही. ती पाठ तिच्या ओळखीची आहे.

"अहो!"

ती धावते. पायाखाली तिच्याच घराची फरशी लागते, समोर दिगंबरांच्या खोलीचं हिरवं दार. आतून खोकल्याची उबळ येते.

"निर्मला, पाणी दे गं."

शालन दाराला पाठ लावून उभी आहे.

"हो बाजूला! त्यांना पाणी हवंय."

"तुझ्या हातून नको."

"मग कुणाच्या?"

 शालनचे ओठ निळे पडत चाललेत. गाण्याआधी श्वास घ्यावा तशी ती तोंड उघडते, पण श्वास आत जातच नाही. ती निर्मलाचा हात घट्ट धरते, कडीवर ठेवते.

"जोर लाव, निमे. लाव!"

खाड्‌कन आवाज होतो.

कुणीतरी दार ठोठावतंय. उन्हं अजून खिडकीत आहेत.

"अगं ए, बाहेरून कडी कुणी लावली?" आतून दिगंबर विचारतात.

निर्मला दिवाणावर ताडकन उठून बसते. ती कडी आजवर कुणी लावली नव्हती. घर रंगवलं तेव्हापासून ऑइलपेंटखाली ती गच्च चिकटून बसली होती. आता ती लागलेली आहे. आणि निर्मलाच्या नखांत हिरव्या रंगाचे पोपडे रुतलेत. एका बोटातून रक्त येतंय.

ती कडी काढायला जाते. हात वर जातो आणि घशात काहीतरी खवखवतं. कोरडा खोकला येतो. एकदा. पुन्हा.

ती दारापासून मागे सरते.

"अहो, मी नाही उघडत. पाण्याचा तांब्या तुमच्या उशाशीच आहे. खिडकी उघडा. मी शेजारच्या सुधीरला बोलावून घेते."

"पण झालंय काय?"

ती पदर तोंडाशी धरते. पदराला रक्त लागतं, आणि नखांतला हिरवा रंग.