शिवणबाईंची पुढची खोली

शिवणबाईंना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. अकरा वर्षं दर रविवारी त्यांच्या घरात जाऊन बसलो, पण त्यांच्याकडे म्हणून असा कधी गेलोच नाही. त्यांचे यजमान कशाने गेले ते मला ठाऊक नाही. मी सुतारकाम केलेला माणूस, लिहिण्याचा हात नाही. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाईंच्या दानाबद्दल इतकं गोड गोड बोललं जातं, की थोडं दुसरंही कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं वाटलं.

बाई एका इस्पितळाच्या नोकरांचे गणवेश शिवत. घर दोन खोल्यांचं, एकामागे एक. पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारं दार आणि एक मोठी खिडकी. मागे शेगडी, खाट आणि मोरी. मागच्या खोलीला खिडकी नाही, नुसता वर हातभर झरोका. शिलाईचं मशीन पुढच्या खिडकीशी असायचं.

आमच्या प्रार्थनामंदिराचं छप्पर खचलं आणि पालिकेने दाराला कुलूप ठोकलं, त्या वर्षी उपकारस्तुतीची, म्हणजे वर्षातून एकदा देवाचे आभार मानायची, भक्ती आम्ही अंगणात घेतली. आमच्यात रीत अशी, की त्या दिवशी ज्याला देवाला जे द्यायचं असेल ते त्याने उभं राहून सर्वांसमोर बोलायचं. कुणी वेळ देतो, कुणी कष्ट, कुणी घरातली वस्तू. आणि उभ्याने दिलेलं बसून परत घ्यायचं नाही, असं जुनी माणसं म्हणत आली. त्या दिवशी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझी पुढची खोली घ्या. गरज असेल तोवर."

किती महिने, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. उपासना चालवणारे आमचे पाळक, त्यांचे डोळे भरून आले. त्या भरात मीही उठलो, जन्मात पहिल्यांदा, आणि म्हणालो की बाक मी करून देतो.

आठ बाक केले. खोलीच्या जमिनीला उतार होता, बाक डुगडुगायचे, म्हणून लोखंडी पट्ट्या लावून स्क्रूने जमिनीला जखडून टाकले. काम चोख झालं. आठवड्याचे उरलेले दिवस बाईंनी त्या बाकांचं काय करायचं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मशीन आत गेलं. बाई दिवसाढवळ्या दिवा लावून शिवू लागल्या. रविवारी भक्ती, बुधवारी बायकांची प्रार्थना, शुक्रवारी गाण्याची तालीम. दार एकच, आणि तेही पाळक उभे राहत त्याच्या अगदी शेजारी. एकदा पुढच्या खोलीत भक्ती सुरू झाली की बाई आत अडकल्या. एका रविवारी त्यांची दाढ ठणकत होती आणि पाळक धीर या विषयावर बोलत होते. सव्वा तास बोलले. आमेन झाल्यावर बाई गालाला फडकं लावून दवाखान्याकडे निघाल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाईंना आज उपदेश फार लागला वाटतं.

पहिली काही वर्षं त्या खरंच आनंदात होत्या, हे मी पाहिलं आहे. रविवारी सकाळी बाक पुसून ठेवायच्या. कुणी आभार मानले की म्हणायच्या, मला मिळालं तेव्हा देवाने मोजून दिलं नाही, मग मी कशाला मोजू? हे त्या तोंडदेखलं बोलत नव्हत्या. त्यांची श्रद्धाच तशी होती. म्हणूनच पुढचं सगळं अवघड होऊन बसलं.

एकदा एका बाकाचा पाय हलायला लागला म्हणून मी हत्यारं घेऊन गेलो, तर बाई मापाची फीत घेऊन खिडकीखाली बसलेल्या. त्यांची थोरली बहीण, त्या तिला ताई म्हणत, जन्मभर एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. आता पायांतलं बळ गेलं होतं. वृद्धाश्रमात एका खोलीत अकरा जणी, आणि ताईंची खाट संडासाच्या दाराशी. ताईंना घरी आणायचं होतं. आत खाट लावायला जागा नव्हती, उजेडही नव्हता. बाईंनी विचारलं, "मिस्त्री, इथे खाट बसेल का?"

मी मापं घेतली. दोन बाक काढले तर बसेल, पण मग इतकी माणसं बसणार नाहीत, असं सांगितलं. त्यांनी फीत गुंडाळली आणि म्हणाल्या, "मग राहू दे. दिलंय मी."

मी म्हणालो, मंडळीच्या कमिटीत मी बोलतो. "माझं नाव नका घेऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

कमिटीत मी होतो, म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. पहिल्या महिन्यात बोलायला उठलो आणि दाराला रंग द्यायला हवा असं सांगून बसलो. दुसऱ्या महिन्यात उठलोच नाही. घरी बायको म्हणायची, तुमच्या तोंडात खिळे धरायची सवय अजून गेली नाही. तिसऱ्या महिन्यात धीर केला. बाईंचं नाव तर घ्यायचं नव्हतं, म्हणून आडवळणाने म्हणालो, "ती खोली आता आपल्याला पुरत नाही." मला वाटलं, यावरून कुणीतरी दुसरी जागा बघू या म्हणेल.

सेक्रेटरींनी मान डोलावली. अगदी माझ्याच मनातलं बोललात, म्हणाले. मग त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले, मधली रेघ खोडली आणि म्हणाले, बाईंना विचारू या, मधली भिंत काढली तर? सगळ्यांना पटलं. मी खाली बसलो.

रविवारी भक्तीनंतर ते सगळे आत गेले. मी उंबऱ्यात उभा. पाळकांनी आधी बाईंचं कौतुक केलं, मग सेक्रेटरींनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले की शेगडीपुढे जाड पडदा लावून देऊ, काही अडायचं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना वाटलं असणार, मी त्यांचं घर वाचवायला गेलो आणि होतं तेही देऊन आलो. तसंच झालं होतं.

"भिंत नको," बाई म्हणाल्या. "ताई येणार आहे माझी. राहायला. पुढे, खिडकीशी."

मग सेक्रेटरी म्हणाले, वा, उत्तमच, त्यांनाही मंडळीची संगत मिळेल.

दुसऱ्याच दिवशी मी दोन बाक उखडले. कुणाची परवानगी घेतली नाही. आयुष्यात एवढंच एक काम मी न विचारता केलं असेल. जमिनीत आठ भोकं राहिली, ती लांबी भरून बुजवली. खाटेच्या पायांना चाकंही बसवली, म्हणजे भक्तीच्या वेळी ती भिंतीशी सरकवता येईल. पुन्हा मी आमचीच सोय बघितली.

ताई आल्या. पहिल्याच रविवारी पाळक प्रेमाने म्हणाले, बाईंनी आता आपल्या बहिणीलाही मंडळीच्या मध्ये आणून ठेवलं आहे, दान म्हणतात ते हे. ताई उशीवरून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मला ठेवलं नाही, मी राहायला आलेय. तुम्ही कधी निघताय?"

सगळे पोट धरून हसले. पाळकही हसले. बाई हसल्या नाहीत.

नंतर ताई मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मिस्त्री, हिला मी लहानपणापासून सांगते, भीड ही भिकेची बहीण. आणि ही म्हणते, भीड नाही गं, विश्वास आहे." मग म्हणाल्या, "असेलही. पण तुम्हा लोकांचा कसला?"

बाईंनी मनापासून दिलं, ते देवाने घेतलंही असेल. पण घेणाऱ्याच्या हातालाही काही धर्म असावा. गरज असेल तोवर, असं त्या म्हणाल्या होत्या. ती गरज संपवणं आमचं काम होतं.

त्यानंतर दोन वर्षं असंच चाललं. पुढच्या कमिटीत मी सरळ म्हणालो की आपण जागा बदलू या. सेक्रेटरींनी ते टिपून घेतलं आणि नव्या जागेचा विचार चालू आहे म्हणाले. तो चालूच राहिला. ताई आठवडाभर खिडकीशी असायच्या, आणि आम्ही यायच्या आधी बाई खाट भिंतीशी ढकलायच्या.

एका बुधवारी सकाळी बाई मशीनवरच गेल्या. नववा दिवस उजाडायच्या आत सेक्रेटरींना छापखान्याची एक रिकामी वखार सापडली. भाडं नाही, दोन दारं, चार खिडक्या. वखारीचा मालक आमच्यातलाच. म्हणाला, मला कुणी विचारलंच नव्हतं. उरलेले सहा बाक मी काढून आणले. ताई अजून त्याच खोलीत आहेत. शेजारची एक बाई त्यांचं बघते.

बाईंशी माझं शेवटचं बोलणं झालं ते त्या जायच्या आधीच्या रविवारी. भक्ती संपली होती, सगळे गेले होते, मी टोपी शोधत मागे राहिलो होतो. बाई खाट परत खिडकीकडे ढकलत होत्या आणि एक चाक अडत होतं.

मी म्हणालो, "हात लावू का?"

"नको, होईल मला. तुम्ही निघा, जेवण गार होईल तुमचं."

"बरं," मी म्हणालो, आणि निघालो.